जागल्याची झोप

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात, सोनाळा नावाचे गाव आहे. वऱ्हाडात ते संत सोनाजी महाराजांचे गाव म्हणून ओळखले जाते. गावाच्या उत्तरेस डोंगर उभा राहतो. मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पात मोडणारे अंबाबरवा अभयारण्य तेथून जवळच आहे. दक्षिणेस उतरत गेले की पूर्णेच्या खोऱ्याची काळी जमीन लागते. एका अंगास रान आणि दुसऱ्या अंगास कपाशी, तूर, हरभऱ्याची शेते, अशी ही वेस आहे. ज्या गावची वेस रानाला भिडलेली, त्या गावाला रात्र पुरती निजू देत नाही. रानडुकरांचा एक कळप शिरला, रोह्यांनी एक फेरी मारली, की चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत आडवी होते. म्हणून पीक दाण्यावर आले की माणूस घोंगडे घेऊन शेतात जातो. वऱ्हाडात ह्यास जागल म्हणतात.

आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो वरवर पाहता वैद्यांचा आहे. झोप हरपली म्हणजे उदास मनाचे काय होते, हा तो प्रश्न. इतिहासाच्या व्याख्यानात ह्याचे काय काम, असे कोणी विचारील. आमचे उत्तर इतकेच की झोपेलाही इतिहास आहे. मनुष्याला निद्रा निसर्गाने दिली; परंतु कोणी निजावे, कोणी जागावे, आणि जागणाऱ्याच्या पदरात काय पडावे, हे निसर्गाने ठरविलेले नाही. ते माणसांनी ठरविले आहे, आणि माणसांनी जे ठरविले त्याचा हिशेब मागणे हे इतिहासाचे काम होय.

मराठीत जागण्याला जितके शब्द आहेत तितके निजण्याला नाहीत. जागर, जागरण, जागल, जागल्या. एकाच मुळापासून फुटलेल्या ह्या शब्दांत जागण्याचे निरनिराळे प्रकार साठविलेले आहेत. जागर देवाचा. एकादशीच्या रात्री टाळ-मृदंगाच्या घोषात सारे गाव मिळून जागते. जागरण-गोंधळ कुळाचाराचा, त्यालाही घर भरलेले असते, दिवटी पेटलेली असते. ही जागरणे ठरल्या दिवशी येतात, माणसांच्या गर्दीत होतात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निजलेल्या माणसास कोणी आळशी म्हणत नाही. जागल मात्र पोटाची. ती एकट्याने करावयाची असते, रात्रीमागून रात्र करावयाची असते, आणि सकाळी तिची सुटी मिळत नाही.

चौथा शब्द जागल्या. वऱ्हाडच्या जुन्या गावगाड्यात गावाचा रात्रीचा पहारा करणारा जो सेवक, तो जागल्या. इंग्रजी अमदानीतील दप्तरांतही हा शब्द सापडतो. गावाने त्यास बलुते द्यावे आणि त्याने गावासाठी जागावे, असा हा करार होता. गाव निजत असे, कारण एक मनुष्य जागत असे. पण ह्या कराराचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. हे काम बहुधा अस्पृश्य मानलेल्या जातींच्या माथी मारलेले असे आणि ते नाकारण्याची मुभा नसे. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनविषयक कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतनदारास तुटपुंज्या मोबदल्यात दिवसरात्र केव्हाही राबवून घेतले जाते, हा त्यांचा एक मुख्य आक्षेप होता. माणसाच्या रात्रीवर दुसऱ्याचा हक्क असू नये, हा विचार त्यात होता. जागल्याची स्वतःची झोप किती झाली, त्याचे मन कसे होते, ह्याची नोंद मात्र कोणत्याही दप्तरात नाही.

आता वैद्यांकडे वळू. चरकसंहितेने शरीराचे तीन आधारस्तंभ सांगितले आणि आहाराच्या शेजारी निद्रेला स्थान दिले. सुख आणि दुःख, पुष्टी आणि कृशता, बल आणि दौर्बल्य, ही सारी निद्रेवर अवलंबून असतात, असा तेथील सिद्धान्त आहे. निद्रानाशाची कारणे मोजताना ग्रंथकाराने काम हेही एक कारण म्हणून सांगितले आहे, ते आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. झोप केवळ रोगाने जात नाही, कामानेही जाते, हे त्या वैद्याने पाहिले होते. त्याच ग्रंथात विषादाला रोग वाढविणाऱ्या गोष्टींत अग्रस्थान दिलेले आहे. युरोपात १६२१ साली रॉबर्ट बर्टन नावाच्या इंग्रज विद्वानाने विषण्णतेवर एक प्रचंड ग्रंथ लिहिला. त्यानेही अतिजागरणास विषण्णतेचे लक्षण म्हटले आणि त्याच दमात तिचे कारणही म्हटले.

जुन्यांना जे दोन्ही बाजूंनी दिसत होते त्यातील एक बाजू विसाव्या शतकात मागे पडली. १९६० साली मॅक्स हॅमिल्टन ह्या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने नैराश्य मोजण्याची एक मोजपट्टी तयार केली. ती पुढे जगभर वापरली गेली. तिच्या सतरा कलमांपैकी तीन एकट्या झोपेची आहेत. रात्री झोप लौकर न लागणे, मध्यरात्री मोडणे आणि पहाटे फार लौकर जाग येऊन पुन्हा डोळा न लागणे, अशी ती तीन कलमे. झोपेला इतके महत्त्व मिळाले खरे, पण ते लक्षण म्हणून. ताप उतरला की अंगाचा कढ जातो, तसे नैराश्य गेले की झोप आपोआप येईल, असे धरून चालण्याचा प्रघात पडला. रोग्याने झोपेविषयी तक्रार करावी, वैद्याने मान डोलवावी आणि औषध मनाचे द्यावे, असे पुष्कळ वर्षे चालले.

ह्या समजुतीस तडा गेला तो माणसांना वर्ष-वर्ष मागे जाऊन पुन्हा भेटल्यामुळे. १९८९ साली अमेरिकेत फोर्ड व कॅमेरो ह्यांनी ७,९५४ लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. ह्या लोकांस एक वर्षाच्या अंतराने दोनदा प्रश्न विचारले होते. ज्यांची झोप दोन्ही वेळा बिघडलेली आढळली, त्यांच्यात नव्याने नैराश्य जडण्याचे प्रमाण इतरांहून अनेक पटींनी अधिक निघाले. पुढे २०११ साली अशा एकवीस दीर्घकालीन पाहण्या एकत्र तपासण्यात आल्या. नैराश्य नसलेल्या पण झोप हरपलेल्या माणसास पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो, असा निष्कर्ष निघाला. म्हणजे झोप आधी गेली आणि मन मागाहून गेले. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या रोगनिदानाच्या ग्रंथाने निद्रानाशाला दुय्यम म्हणण्याचे सोडून दिले आणि त्याचे स्वतंत्र निदान व स्वतंत्र उपचार करावे असे ठरविले. बर्टनच्या जागी वैद्यक पुन्हा येऊन उभे राहिले; त्यास सुमारे चारशे वर्षे लागली.

ह्या इतिहासात एक चमत्कारिक प्रकरण आहे. ते टाळले तर विषयाशी प्रतारणा होईल. शुल्टे ह्या जर्मन वैद्याने एका शिक्षकाची हकीकत नोंदविली. हे गृहस्थ विषण्णतेने घेरले गेले की रात्रभर सायकल चालवीत, आणि सकाळी त्यांचे मन हलके झालेले असे. १९७१ साली फ्लूग व टोले ह्या दोघांनी ही गोष्ट पद्धतशीर तपासली. १९९० पर्यंत साठांहून अधिक अभ्यास झाले होते. त्यांतील सुमारे १,७०० रुग्णांपैकी जवळजवळ ५९ टक्क्यांना एक रात्र जागल्यावर आराम वाटला, असे वू व बनी ह्यांनी दाखविले. मग झोप जाणे हे विष की औषध? त्याच लेखात उत्तरही आहे. औषधे न घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के लोकांचे नैराश्य पुढच्या एका झोपेनंतर परतले. एका रात्रीचा हा उजेड काजव्याचा असतो. शिवाय ज्यांचे मन कधी खिन्नतेकडे तर कधी उन्मादाकडे झुकते, अशा रुग्णांत जागरणाने उन्माद उसळू शकतो. म्हणून हा प्रयोग वैद्याच्या देखरेखीखालीच करावयाचा असतो, घरी नव्हे.

एक रात्र आणि शंभर रात्री ह्यांतील भेद समजावयास १९८२ साली झुरिचच्या अलेक्झांडर बोर्बेली ह्यांनी मांडलेला विचार उपयोगी पडतो. झोप दोन गोष्टींनी ठरते, असे ते म्हणतात. पहिली गोष्ट थकबाकीची. जागेपणाचा प्रत्येक तास झोपेच्या खात्यावर नावे पडतो आणि झोपेनेच ते खाते फिटते. दुसरी गोष्ट देहातील घड्याळाची. हे घड्याळ मेंदूत असते आणि सूर्यप्रकाशाने मिळविले जाते. ते केव्हा निजावे आणि केव्हा उठावे हे सांगते. एक रात्र जागलेला मनुष्य दुसऱ्या रात्री थकबाकी फेडतो आणि त्याचे घड्याळ फारसे हलत नाही. परंतु ज्यास आठवडाभर रात्री जागावे लागते आणि दिवसा उन्हात निजावे म्हटले तर देह साथ देत नाही, त्याची थकबाकीही वाढते आणि घड्याळही चुकते. सावकाराच्या व्याजाची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना ह्याहून अधिक सांगावयास नको.

त्या थकबाकीचा मनावर काय परिणाम होतो, हे २००७ च्या एका प्रयोगात दिसले. सुमारे पस्तीस तास जागे ठेवलेल्या तरुणांना क्लेशकारक चित्रे दाखविली, तेव्हा भय व क्षोभ ह्यांच्याशी निगडित असलेला त्यांच्या मेंदूतील अमिग्डाला नावाचा भाग निजलेल्यांच्या मानाने साठ टक्के अधिक चेतला. आणि त्यास आवर घालणाऱ्या पुढच्या भागाशी त्याचे नाते सैल पडले. म्हणजे तेच दुःख, पण लगाम सुटलेले. बँकेची नोटीस दुपारी वाचली तर ती नोटीस असते. पहाटे तीन वाजता शेताच्या बांधावर आठवली तर ती निकाल वाटू लागते. कागद तोच असतो, वाचणारे मन निजलेले नसते.

आता पुन्हा सोनाळ्याच्या शिवारात येऊ. मुंबईच्या वा शिकागोच्या निद्रानाशाहून येथील निद्रानाश वेगळा आहे, आणि तो वेगळा का आहे हे इतिहासच सांगतो. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि पुढील दशकांत विहिरींवरच्या मोटा जाऊन विजेच्या मोटारी आल्या. विजेने शेतकऱ्याची पाठ वाचविली, हे कबूल केलेच पाहिजे. परंतु मागणी वाढत गेली आणि वीज अपुरी पडू लागली, तेव्हा तिची वाटणी करणे भाग पडले. २००५ साली मंडळाची विभागणी होऊन वितरण महावितरणकडे आले. शेतीपंपांना पाळीपाळीने काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री आठ ते दहा तास तीन-फेज वीज, असा क्रम राज्यात अनेक वर्षे चालला. कारखान्यांना आणि शहरांना दिवसा वीज लागे. शेतीच्या वाट्यास रात्र आली. रात्री वीज उरते म्हणून शेतकऱ्याने रात्री जागावे, असा हा हिशेब झाला. त्यात वीज मोजली गेली, झोप मोजली गेली नाही.

ह्याचा अर्थ हरभऱ्या-गव्हाच्या दिवसांत काय होतो, ते हिवाळ्यात शिवारात गेल्यावाचून कळत नाही. मध्यरात्री वीज आली की ओलितासाठी उठावयाचे, कडाक्याच्या थंडीत चिखलात उभे राहून पाणी वळवावयाचे, पायाखाली साप-विंचू आणि काठाला अस्वल वा डुक्कर असण्याची भीती. वीज मध्येच गेली तर ती येईपर्यंत बसून राहावयाचे. ओलित नसेल त्या रात्री जागल असतेच. आठवड्याने पाळी बदलली की देहाचे घड्याळ जुळते न जुळते तोच पुन्हा मोडते. घरी बायको एकटी, तिचे कान दाराशी. पहाटे पाणी आणि चूल तिचीच वाट पाहत असतात. झोप एकाची जात नाही, घराची जाते. नैराश्य पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते, हेही येथे विसरून चालणार नाही.

जुन्या गावात एक जागल्या होता. आज ज्याच्याजवळ शेत तो प्रत्येक मनुष्य आपापला जागल्या झाला आहे. गाव मिळून जागण्याची सोय गेली, एकाच्या माथी मारलेली सक्ती गेली हे उत्तम झाले. पण त्यांच्या जागी आले ते ज्याचे त्याने एकट्याने जागणे. आणि एकट्याने, काळोखात, थकलेल्या देहाने केलेला विचार बहुधा कर्जाकडेच जातो.

ह्या प्रदेशावर आलेल्या आपत्तीची आकडेवारी सर्वांस ठाऊक आहे. अमरावती महसूल विभागात, ज्यात बुलढाणा जिल्हा येतो, २००१ पासून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची नोंद ठेवली जाते; तो आकडा वीस हजारांच्या पलीकडे गेला आहे. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. बुलढाणा त्या सहांत होता. त्या योजनेत कर्जाचे व्याज होते, सिंचन होते, बियाणे होते. ती सारी आवश्यकच होती. झोपेच्या अभावाने मनुष्य जीव देतो, असे भाबडे विधान आम्ही करणार नाही. अशा मृत्यूस एकच कारण नसते, आणि भाव, पाऊस व कर्ज ही कारणे झोपेने पुसली जाणार नाहीत. आमचे म्हणणे एवढेच की ज्या मनाने ह्या साऱ्यांशी झुंजावयाचे ते मनच आपण रात्रीमागून रात्र कमजोर करीत आलो, आणि त्याची जमाखर्चात कोठे ओळ नाही.

मनाकडे लक्ष द्यावयास सुरुवात मागाहून झाली. २०११ पासून विश्राम नावाचा उपक्रम विदर्भात चालला; अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत गावच्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांशी बोलणे सुरू केले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. २०१५ साली राज्याच्या आरोग्य खात्याने प्रेरणा प्रकल्प सुरू केला आणि आशाताईंना शेतकऱ्यांच्या घरी पाठविले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यास गुन्हेगार न मानता मानसिक ताणाखालील मनुष्य मानण्याचे ठरविले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलिमानस ही सेवा सुरू झाली. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रीच्या कोणत्याही प्रहरी आपल्या भाषेत बोलता येते.

तरीही एक उणीव आम्हांस सांगावीशी वाटते. तीस वर्षांवरील प्रत्येकाची प्रकृती तपासण्यासाठी आशाताईंच्या हाती जी प्रश्नावली असते, तिच्यात मनाविषयी दोनच प्रश्न आहेत. कामात गोडी वाटत नाही काय, आणि मन खिन्न असते काय. झोपेचा प्रश्न त्यांत नाही. तो नऊ प्रश्नांच्या मोठ्या प्रश्नावलीत आहे, आणि तिथवर मनुष्य पुढे पाठविला गेला तरच पोहोचतो. परंतु वऱ्हाडातला शेतकरी मन खिन्न आहे असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, "टेन्शन हाय, झोप लागत नाही." ज्या दाराने तो स्वतः आत येतो ते दार आपण लावून ठेवले आहे. झोपेविषयी विचारण्यात लाज नाही, कलंक नाही. जे मनाविषयी विचारता येत नाही, ते झोपेविषयी विचारता येते.

आणि विचारून हाती काही लागते, हेही आता सिद्ध झाले आहे. अमेरिकेत साठी उलटलेल्या, झोप हरपलेल्या २९१ लोकांवर केलेला एक प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. एका गटास झोपेची सामान्य माहिती दिली. दुसऱ्या गटाची झोप गोळ्यांवाचून, सवयी बदलून सुधारली. उठण्याची वेळ एक ठेवणे, झोप आल्यावाचून अंथरुणावर न पडणे, डोळा लागत नसेल तर उठून बसणे, काळजीने तळमळत पडून न राहणे, असे तिचे साधे नियम आहेत. तीन वर्षांच्या अवधीत ह्या दुसऱ्या गटात नैराश्याचे प्रमाण निम्म्याने कमी राहिले. अर्थात ज्याची वीजच मध्यरात्री येते त्याला उठण्याची वेळ एक ठेवा म्हणून सांगणे ही थट्टा होईल. त्याचे औषध आधी विजेच्या वेळापत्रकात आहे. २०१७ साली राज्याने सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू केला. शेतीला दिवसा वीज देणे हा तिचा हेतू आहे. ही योजना उर्जाखात्याची म्हणून ओळखली जाते. आम्ही तिला आरोग्यखात्याचीही योजना मानतो. ज्या शिवारात दिवसा वीज पोहोचली, तेथे माणसाच्या रात्री त्याला परत मिळाल्या.

राहिली जागल. रान शेजारी असेपर्यंत ती राहणारच. पण ती ज्याची त्याने करावी असे कोठे लिहिलेले आहे? दहा शेतांची पाळी दहा घरांनी वाटून घेतली तर मनुष्य दहा रात्रींतून एकदा जागेल. गावाने पुन्हा जागल्या ठेवावयाचा तर तो जातीने नेमलेला नको, वेठीचा नको. त्याला पुरता पगार हवा, आणि दिवसा निजण्याचा हक्क हवा. जुन्या गावाकडून घेण्यासारखे एवढेच आहे की जागणे वाटून घेता येते.

ह्या हंगामात पीक घरी आले आहे, रात्री लहान होत आहेत, आणि वसंताच्या ह्या सभेस आपण सारे निवांतपणे जमलो आहोत. आपापल्या गावी गेल्यावर जो माणूस अलीकडे बोलेनासा झाला आहे, पारावर येत नाही, पोळ्याला बैल सजवूनही ज्याच्या चेहऱ्यावर हसू आले नव्हते, त्याच्या शेजारी घटकाभर बसावे. कर्ज किती आहे हे विचारू नये. ते त्याला पाठ असते. झोप लागते का, एवढेच विचारावे. आणि नाही म्हणाला, तर त्या रात्रीची जागल आपण घ्यावी.